कडेचा आधार आणि पत्र्याचा नाद

सामान्य विज्ञानातील ‘ध्वनी’ ह्या पाठाचा आरंभ ‘पदार्थ कंप पावला की ध्वनी उत्पन्न होतो’ ह्या वाक्याने होतो. वाक्य खरे आहे. परंतु तेवढ्यावरच पाठ संपविला तर मुलांच्या नित्य अनुभवातील अनेक प्रश्न अनुत्तरित राहतात. पितळेची थाळी बोटांच्या टोकांवर मध्यभागी तोलून तिच्या काठावर लाकडी पळीने हलकेच टोला दिला तर ती बराच वेळ निनादत राहते. तीच थाळी काठाला मुठीने घट्ट धरून तसाच टोला दिला तर एक बोथट आवाज होऊन सारे शांत होते. थाळी तीच, पळी तीच आणि टोलाही तेवढाच. मग नाद गेला कोठे?

ह्या प्रश्नाचे उत्तर थाळीच्या धातूत नाही. ते तिच्या आधारात आहे. कोणताही पातळ, सपाट पदार्थ, मग तो लोखंडी पत्रा असो, खिडकीची काच असो वा लाकडी फळी असो, कसा कंप पावेल आणि त्या कंपनापैकी किती भाग ध्वनिरूपाने कानापर्यंत पोहोचेल, हे बऱ्याच अंशी त्याची कड कशी धरली आहे ह्यावर ठरते. हा विषय शिकविण्यास महागडी उपकरणे लागत नाहीत. शिवाय पत्र्याच्या छपराखाली भरणाऱ्या वर्गांच्या दृष्टीने तो केवळ पुस्तकी विषयही नाही.

कडांचे तीन प्रकार

पत्र्याच्या कडेचे सोयीसाठी तीन प्रकार मानतात. पहिली मोकळी कड. झांज मध्यभागी ओवलेल्या दोरीने धरतात. तिच्या काठाला कोणताही अडथळा नसतो. दुसरी टेकलेली कड. अशी कड वरखाली सरकू शकत नाही, पण बिजागरीवरील दाराप्रमाणे जागच्या जागी कलू शकते. तिसरी जखडलेली कड. भिंतीत चिणलेल्या फळीच्या टोकाप्रमाणे ती सरकतही नाही आणि कलतही नाही. प्रत्यक्षात बहुतेक कडा ह्या प्रकारांच्या अधल्यामधल्या असतात. लाकडी चौकटीत बसविलेली काच ही टेकलेली आणि जखडलेली ह्यांच्या मध्ये कोठे तरी पडते.

आधाराचा परिणाम किती मोठा असतो हे फूटपट्टीवरून मुलांना चटकन समजते. पोलादी पट्टी मेजाच्या कडेवर हाताने घट्ट दाबून तिचे टोक बाहेर काढावे व ते छेडावे. बाहेर आलेला भाग निम्मा केला की दर सेकंदाला होणारी कंपने, म्हणजे कंपनसंख्या, दुप्पट नव्हे तर चौपट होते. आवाज दोन सप्तके वर चढतो. ताणलेली तार निम्मी केली तर कंपनसंख्या केवळ दुप्पट होते. हा भेद मुलांनी कानाने ओळखावा. तारेला ताठरपणा बाहेरच्या ताणामुळे येतो, तर पट्टीला व पत्र्याला तो स्वतःच्या जाडीमुळे येतो. म्हणून दोहोंचे नियम निराळे आहेत. सपाट पत्र्याची लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केल्या तर त्याची कंपनसंख्या एकचतुर्थांश होते आणि जाडी दुप्पट केली तर ती दुप्पट होते.

आता कडेचा हिशोब पाहावा. एकाच मापाच्या दोन वर्तुळाकार तबकड्या घेतल्या. एकीची कड सर्व बाजूंनी टेकलेली आहे आणि दुसरीची जखडलेली. दोहोंवर सारखे वजन सारख्या रीतीने पसरून ठेवले तर जखडलेली तबकडी टेकलेल्या तबकडीच्या सुमारे एकचतुर्थांश इतकीच लवते. ताठरपणा चौपट झाला की कंपनसंख्या त्याच्या वर्गमुळाप्रमाणे, म्हणजे सुमारे दुप्पट होते. चौरस पत्र्याच्या बाबतीत हीच वाढ १०० वरून सुमारे १८२ इतकी असते. धातूचा एक कणही न बदलता केवळ कड आवळल्याने सबंध सप्तकाचा फरक पडतो.

रांगोळीने दिसणारा नाद

कंपन डोळ्यांना दिसत नाही, ही ह्या पाठातील खरी अडचण होय. इंग्लंडमधील रॉबर्ट हूक यांनी १६८० मध्ये काचेच्या पत्र्यावर पीठ पसरून व कडेवर गज ओढून ही अडचण दूर करण्याचा प्रयत्न केला. पुढे जर्मनीतील अर्न्स्ट क्लाड्नी (१७५६–१८२७) यांनी ह्या प्रयोगाला शास्त्राचे रूप दिले. १७८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी वाळूने उमटलेल्या अनेक आकृती दिल्या. आज त्या क्लाड्नी यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

प्रयोगाची रीत सोपी आहे. सुमारे २० सेंटिमीटर बाजूचा व १ मिलिमीटर जाडीचा पितळी किंवा लोखंडी चौरस पत्रा घ्यावा. त्याच्या कडा कानशीने गुळगुळीत कराव्यात, म्हणजे मुलांचे हात कापणार नाहीत. मध्यभागी भोक पाडून पत्रा लाकडी खुंटावर स्क्रूने बसवावा. त्यावर चाळलेली बारीक वाळू किंवा जरा भरड रांगोळी पातळ पसरावी. मग व्हायोलिनच्या गजाला राळ लावून तो पत्र्याच्या कडेवर उभा ओढावा.

एका बाजूच्या मध्यावर बोट टेकवून कोपऱ्याजवळ गज ओढला तर रांगोळी सरकत सरकत दोन सरळ रेषांवर गोळा होते आणि बाजूंचे मध्य जोडणारी फुली उमटते. बोट कोपऱ्यावर ठेवून बाजूच्या मध्यावर गज ओढला तर फुली कर्णांवर येते आणि स्वरही चढतो. ह्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण सुमारे दीडपट असते, म्हणजे पहिला षड्ज मानला तर दुसरा पंचमाच्या जवळपास लागतो. बोट ठेवलेल्या जागी पत्रा हलू शकत नाही. म्हणून जी कंपने त्या जागेला स्थिर ठेवतात तीच टिकतात, बाकीची विरून जातात.

ज्या रेषांवर रांगोळी गोळा होते तेथे पत्रा स्थिर असतो. त्यांस निस्पंद रेषा म्हणतात. दोन निस्पंद रेषांच्या मधला भाग सर्वांत जोराने हलतो. तो प्रस्पंद होय. निस्पंद रेषेच्या एका बाजूचा भाग वर जात असताना दुसऱ्या बाजूचा भाग खाली जात असतो, ही गोष्ट फळ्यावर आकृती काढून अवश्य दाखवावी. पुढील विवेचन तिच्यावरच आधारलेले आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी. रांगोळीऐवजी अगदी मऊ पीठ घेतले तर ते निस्पंद रेषांवर न जाता उलट प्रस्पंदाच्या जागी ढीग करते. पत्र्याच्या हालचालीने हवेत जे सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात ते हलके पीठ आपल्याबरोबर ओढून नेतात. १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी ह्याचा उलगडा केला.

कडेने घातलेले कोडे

क्लाड्नी यांनी १८०९ मध्ये पॅरिस येथे नेपोलियनपुढे हे प्रयोग करून दाखविले. ह्या आकृतींचे गणित जो मांडील त्यास बक्षीस द्यावे, अशी योजना झाली व तेथील विद्वत्सभेने ३००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. हे आव्हान सोफी जर्मेन ह्या विदुषीने स्वीकारले. स्त्रियांना पॅरिसच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयात प्रवेश नसल्याने दुसऱ्यांच्या टिपणांवरून त्यांनी गणिताचा अभ्यास केला होता आणि ल ब्लाँ हे पुरुषी नाव धारण करून विद्वानांशी पत्रव्यवहार ठेवला होता. १८११ मध्ये त्यांनी पहिला निबंध पाठविला. तो सदोष ठरला. १८१३ मधील दुसऱ्या निबंधाला केवळ प्रशंसा लाभली. तिसऱ्या प्रयत्नास मात्र १८१६ मध्ये पारितोषिक मिळाले.

तथापि कोडे पूर्णपणे सुटले नव्हते. पत्र्याच्या आतील भागाचे समीकरण हाती आले, पण मोकळ्या कडेवर नेमके काय घडते हे कोणासही बिनचूक सांगता येईना. प्वासाँ ह्या गणितज्ञांच्या मते मोकळ्या कडेवर तीन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. १८५० मध्ये किरखोफ यांनी दाखवून दिले की, दोनच अटी पुरेशा आहेत. एवढे होऊनही चारही कडा मोकळ्या असलेल्या चौरस पत्र्याची कंपने साध्या सूत्रात बसेनात. १९०९ मध्ये वॉल्टर रिट्झ यांनी ती हव्या तितक्या जवळून अजमावण्याची रीत दिली. क्लाड्नींच्या ग्रंथापासून येथवर येण्यास १२२ वर्षे लागली. दोनदा अपयश येऊनही तिसरा निबंध पाठविणाऱ्या जर्मेन यांची ही हकिकत मुलांना सांगण्याजोगी आहे.

कंपन मोठे म्हणजे ध्वनी मोठा नव्हे

पत्रा जोराने हलला म्हणजे आवाज मोठा होणारच, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती पुरती खरी नाही. नादकाटा वाजवून कानाजवळ धरावा आणि दांडा बोटांत हळूहळू फिरवावा. एका पूर्ण फेऱ्यात आवाज चार वेळा मोठा होतो व चार वेळा जवळजवळ नाहीसा होतो. काट्याच्या भुजांच्या एका बाजूस हवा दाबली जात असताना लगतच्या बाजूस ती विरळ होत असते. कित्येक दिशांना हे दोन परिणाम परस्परांना खोडून काढतात.

पत्र्यावर हेच घडते. वर जाणारा भाग हवा दाबतो, शेजारचा खाली जाणारा भाग तीच हवा आपल्याकडे ओढून घेतो. हे भाग एकमेकांच्या अगदी जवळ असले तर हवा केवळ इकडून तिकडे सरकते. ध्वनिलहर होऊन दूर जात नाही. उदाहरणार्थ, १ मिलिमीटर जाडीच्या सपाट पोलादी पत्र्यात दर सेकंदाला ५०० कंपने होत असता पत्र्यातील लाटेची लांबी सुमारे १४ सेंटिमीटर असते. तर हवेतील ध्वनिलहरीची लांबी सुमारे ६८ सेंटिमीटर असते. पत्र्यावरील दाब व ओढ इतकी जवळजवळ असल्याने मधल्या भागातील बहुतेक ध्वनी जागच्या जागीच खोडला जातो.

मग आवाज येतो तो कोठून? मुख्यतः कडेवरून. मधल्या प्रत्येक भागाला खोडून काढणारा शेजारी दोन्ही बाजूंस असतो. कडेच्या शेवटच्या पट्टीला पलीकडे शेजारीच नसतो. तिने दाबलेली हवा पुरती परत घेतली जात नाही व ती ध्वनिरूपाने बाहेर पडते. भिंतीत बसविलेल्या पत्र्याची कड टेकलेली न ठेवता जखडली, तर तेवढ्याच जोराच्या कंपनातून ह्या मंद स्वरांत बाहेर पडणारी ध्वनिशक्ती सुमारे दुप्पट होते.

कड हवेत मोकळी असेल तर आणखी एक गोष्ट घडते. पत्र्याच्या पुढच्या बाजूची दाबलेली हवा काठाला वळसा घालून मागच्या विरळ हवेत शिरते. म्हणून हवेत टांगलेल्या लहान पत्र्याचे खर्जातील स्वर क्षीण असतात. तंबोऱ्याची तबली भोपळ्याला सर्व बाजूंनी चिकटविलेली असते. त्यामुळे तिच्या पुढची व मागची हवा सहजासहजी एकत्र येऊ शकत नाही आणि तारेचा सूक्ष्म नाद सभागृहात पोहोचण्यास साहाय्य होते.

कंपनसंख्या वाढत गेली की पत्र्यातील लाटेचा वेगही वाढतो. तो हवेतील ध्वनीच्या वेगाइतका झाला की खोडाखोड संपते व सबंध पत्रा मोठ्याने बोलू लागतो. ही मर्यादा १ मिलिमीटर पोलादी पत्र्यासाठी दर सेकंदाला सुमारे १२,००० कंपने, तर ४ मिलिमीटर काचेसाठी सुमारे ३,००० कंपने इतकी असते. ह्या मर्यादेच्या वर कडेच्या आधाराचे महत्त्व कमी होते. खाली मात्र तीच मुख्य होय.

जखडणे म्हणजे शमविणे नव्हे

ह्या साऱ्या विवेचनातून शाळेच्या इमारतीसाठी एक महत्त्वाचा बोध निघतो. जोराच्या पावसात पत्र्याच्या छपराखाली शिक्षकाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही आणि ऐन पावसाळ्यात मुलांचे तासच्या तास वाया जातात. अशा वेळी ‘पत्रे अधिक घट्ट आवळा’ हा उपाय सुचविला जातो. सैल पत्रा वाशावर आपटून जो खडखडाट होतो तो आवळल्याने खात्रीने थांबेल. तेवढ्यापुरता उपाय योग्य आहे. परंतु थेंबांच्या माऱ्याने पत्र्यात उठणारी लाट आवळलेल्या कठीण कडेवर आदळून पुन्हा पत्र्यातच परतते. तिची शक्ती कोठेही खर्च होत नाही. केवळ स्वर बदलतो.

कंपन शमवावयाचे असेल तर त्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने जिरविणारा मऊ पदार्थ मध्ये आला पाहिजे. आरंभीच्या थाळीचा नाद गेला तो मुठीच्या घट्टपणामुळे नव्हे, तर काठ जेथे सर्वांत अधिक हलतो तेथे तळव्याची मऊ त्वचा टेकल्यामुळे. म्हणून पत्रे बसविताना नटाखाली रबरी किंवा डांबरी वायसर घालावेत व खिडकीच्या काचेला चौकटीत मऊ रबरी पट्टी द्यावी. पाऊस पत्र्याच्या मध्यावरही पडतो, यास्तव कडेचा उपाय एकटा पुरा पडणार नाही. पत्र्याला घट्ट चिकटणारा मऊ थर द्यावा आणि त्याखाली काही अंतर सोडून छत बसवावे. हे दोन उपाय जोडीला असले तरच वर्गात शब्द ऐकू येईल.

शाळेचा टोल

टोलाच्या बाबतीत गरज नेमकी उलटी असते. त्याचा नाद दूरच्या वाडीपर्यंत गेला पाहिजे. म्हणून टोल भिंतीला खिळ्यांनी ठोकू नये, दोरीने वा साखळीने मोकळा टांगावा. सपाट, गोल टोलाच्या सर्वांत खालच्या स्वरात मध्यातून जाणाऱ्या व परस्परांना काटकोनात छेदणाऱ्या दोन निस्पंद रेषा असतात. टांगण्याच्या भोकातून त्यांपैकी एक रेषा जाईल असे कंपनच आधाराला कमीत कमी शक्ती देते व अधिक काळ टिकते. अशा वेळी वरचे, खालचे, डावे व उजवे टोक ही स्थिर स्थाने होत. टोला ह्या स्थानांवर न देता खालचे टोक व बाजूचे टोक ह्यांच्या मध्ये काठाजवळ दिला तर खर्जाचा स्वर भरघोस उमटतो. अगदी मध्यावर टोला दिला तर निराळे कंपन उठते. त्याचा स्वर सुमारे पावणेदोनपट कंपनसंख्येचा असतो.

आडवी लोखंडी सळई टांगावयाची झाल्यास तिचेही असेच आहे. तिच्या मुख्य स्वराचे निस्पंद बिंदू दोन्ही टोकांपासून लांबीच्या सुमारे २२ टक्क्यांवर असतात. एक मीटर लांबीची सारख्या जाडीची सळई दोन्ही टोकांपासून २२ सेंटिमीटरवर दोऱ्यांत अडकवून मध्यावर ठोकावी. मग दोऱ्या सरकवून मध्याकडे आणाव्यात व पुन्हा ठोकावी. फरक सर्व वर्गास ऐकू येतो.

वर्गातील पाठाचा क्रम

पाठ दोन तासिकांत विभागावा. पहिल्या तासिकेत फूटपट्टी, थाळी व सळई ह्यांचे प्रयोग मुलांच्या हातून करून घ्यावेत. थाळीसाठी दोऱ्याचे तीन लहान गुंडे करून त्यांवर ती ठेवावी आणि काठावर ठोकावे. मग ओल्या फडक्याची छोटी घडी प्रथम थाळीच्या मध्यावर व नंतर काठावर ठेवून पुन्हा ठोकावे. कोणत्या जागी नाद अधिक दबतो, हे ठोकण्यापूर्वी मुलांनी पाटीवर लिहावे आणि प्रयोगानंतर ताडून पाहावे. दुसऱ्या तासिकेत रांगोळीच्या आकृती दाखवाव्यात व नादकाटा फिरवून ऐकवावा.

शेवटी मुलांना असे प्रश्न विचारावेत : झांज काठाला न धरता मध्यावर का धरतात? वाजणारी झांज छातीशी टेकवताच ती गप्प का होते? नादकाट्याचा दांडा मेजाच्या मध्यावर टेकविला आणि नंतर पायाच्या वर टेकविला, तर आवाजात फरक पडेल काय? उत्तरे तोंडपाठ करून घेऊ नयेत. वस्तू हाती देऊन ती शोधू द्यावीत.

पत्रा कोठे स्थिर असतो व कोठे हलतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला नाद राखणे आणि नाद शमविणे ही दोन्ही कामे साधतात. स्थिर जागी आधार द्यावा म्हणजे नाद टिकतो. हलत्या जागी मऊ आधार द्यावा म्हणजे तो जिरतो. एवढा नियम मुलांना स्वतःच्या हातांनी सापडला, तर ध्वनीचा पाठ सार्थकी लागला असे समजण्यास हरकत नाही.